‘बाहेरचे’ म्हणण्याआधी

मुलचेरा-चामोर्शीकडच्या बंगाली गावांवरून अधूनमधून वाद पेटतो. बाजारात, बसमध्ये, मोबाईलवर कोणीतरी म्हणतं, "हे सगळे बांगलादेशी, हाकला यांना." त्याच्या हो ला हो मिळवण्याआधी जरा थांबा.

तुम्ही सिरोंचाचे. कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या मराठी, आतल्या गावांत माडिया. नदीपलीकडे तुमच्या सोयरिकी आहेत. बोलीवरून माणसाचा देश ठरत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आधी विचारा, हे लोक कधी आले आणि का?

१९६४ मध्ये पूर्व पाकिस्तानात दंगली झाल्या. हिंदू कुटुंबं जीव मुठीत धरून निघाली. बरीचशी रायपूरजवळच्या माना छावणीत थांबली. तिथून सरकारने त्यांना कुठे कुठे वसवलं, आपल्या जुन्या चांदा जिल्ह्यातही. गडचिरोली जिल्हा १९८२ चा. म्हणजे यातली बरीच घरं जिल्ह्यापेक्षा जुनी आहेत. जागा त्यांनी निवडलेली नव्हती. पाण्याच्या मुलखातला माणूस साग-मोहाच्या रानात उतरवला गेला आणि तिथेच त्याने भात पिकवला. त्याची नातवंडं आज मराठी बोलतात.

आता दुसरी बाजू, तितक्याच शांतपणे.

माडिया म्हातारा म्हणतो, "रान आमचं. सरकारने तोडलं, दुसऱ्याला दिलं. आम्हाला कोणी विचारलं?" त्याला आडमुठा म्हणू नका. जमीन हातची जाण्याची त्याची भीती खरी आहे. आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर आदिवासीला घेता येऊ नये, म्हणून १९७४ मध्ये कायदा कडक करावा लागला, तो उगाच नाही. आणि मेडीगड्डा धरणाच्या पाण्याने तुमच्याच तालुक्यातली शेतं बुडाली. निर्णय दुसरीकडे होतो आणि भोगतो आपण, हे तुम्ही पाहिलंय.

माझं म्हणणं एवढंच: त्या म्हाताऱ्याची तक्रार सरकारकडे आहे. ती शेजाऱ्याच्या अंगावर घालू नका.

जमिनीवर बोलायचं तर नेमकं बोला. सरकारने पट्टा दिलेली जमीन वेगळी, नंतर वाढवलेलं वनजमिनीवरचं अतिक्रमण वेगळं. वनहक्क कायद्यात बिगर आदिवासीला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. १९६४ ला आलेल्या कुटुंबाला तो कुठून दाखवता येणार? हा प्रश्न ग्रामसभेत मांडा, गट नंबर घेऊन मांडा. "सगळेच चोर" म्हटलं की खरं अतिक्रमणही त्यात झाकून जातं.

सगळ्यांना एकाच दावणीला बांधू नका. २००५ नंतर सलवा जुडूम या नक्षलविरोधी मोहिमेच्या काळात बस्तरमधून जी माणसं पळाली, ती भारताचीच नागरिक. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावचे तिबेटी वेगळे. आपल्या देशात निर्वासितांसाठी एकच असा कायदा नाही, म्हणून प्रत्येकाची गोष्ट वेगळी निघते. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यावर तर घराघरांत दोन मतं आहेत. कोणाला तो उशिरा मिळालेला न्याय वाटतो, कोणाला धर्म पाहून केलेला भेद. वाद जरूर घाला. फक्त समोरच्याच्या नागरिकत्वावर घसरू नका.

कोणाबद्दल खरोखर संशय आला तर पोलीस ठाण्यात सांगा. स्वतः कोणाला अडवून कागद मागू नका. मोबाईलवर आलेला व्हिडिओ कुठला, कधीचा हे कळेपर्यंत पुढे पाठवू नका. वर्गात कोणी बंगाली पोराला "बांगलादेशी" म्हणून चिडवलं तर तिथल्या तिथे थांबवा, आपलं पोर असलं तरी.

आणि बंगाली घरांनो, तुम्हालाही सांगणं आहे. शेजारच्या गावाच्या ग्रामसभेत तुमच्या शेताच्या हद्दीचा विषय निघाला तर रागावू नका, नकाशा घेऊन जा. आजोबांचा पट्टा पिशवीत घड्या घालून ठेवलाय ना? घडीवरच कागद फाटतो आणि नेमकं नाव जातं. तो सपाट फाईलमध्ये ठेवा. सातबारा, आजोबांच्या छावणीचे कागद, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, सगळ्यांच्या दोन-दोन रंगीत प्रती काढा. एक संच दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे द्या. नावाचं स्पेलिंग कागदागणिक बदलत असेल तर आत्ताच तहसीलमध्ये चौकशी करा. कागदांची पेटी जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवा. जुलै २०२२ च्या पुरात सिरोंचा तालुक्यात काय झालं, ते इथल्या कोणालाही विचारा.