कावळे, घुबड आणि वर्गातला नवा मुलगा

दोस्तांनो, भरदिवसा चुकून बाहेर पडलेलं घुबड कधी पाहिलंय? एक कावळा ओरडतो, की दहा जमतात. मग साळुंक्या येतात, बुलबुल येतात आणि त्या बिचाऱ्याला या फांदीवरून त्या फांदीवर पळवून दमवतात. पक्ष्यांच्या अशा हल्ल्याला शास्त्रज्ञ 'मॉबिंग' म्हणतात. स्वीडनमध्ये पीटर-पॉल हाइनेमान नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी दत्तक घेतलेला मुलगा काळ्या वर्णाचा होता आणि गोरी मुलं त्याच्यामागे अशीच लागायची. १९६९ साली त्यावर लिहिताना त्यांनी पक्ष्यांचा हा शब्द शाळेतल्या मुलांसाठी वापरला.

पण बरं का, कावळ्यांचा राग एकवेळ समजू शकतो. घुबड रात्री त्यांची पिल्लं पळवतं. वर्गात आलेला नवा मुलगा कुणाचं काय पळवतो?

"तो वेगळा दिसतो ना, वेगळं बोलतो, म्हणून चिडवतात," असं तुम्ही म्हणाल. मोठी माणसंही हेच सांगतात. डॅन ओल्वेअस या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात हे तपासूनच पाहिलं. लठ्ठपणा, चष्मा, लाल केस, वेगळी बोली अशी यादी केली आणि पाहिलं, तर ज्यांचा छळ होतो ती मुलं या बाबतीत इतरांपेक्षा फारशी वेगळी नव्हतीच! चष्मेवाले काय, प्रत्येक वर्गात चार-पाच असतात. सगळ्यांनाच कुठे कोणी छळतं? छळ होणारी मुलं अंगाने जरा अशक्त होती, बुजरी होती आणि बहुतेकांना वर्गात एकही जवळचा मित्र नव्हता. म्हणजे चष्मा हे निमित्त. खरी गोष्ट ही, की याच्या बाजूने कोणी उभं राहणार नाही, हे समोरच्याला पक्कं ठाऊक असतं. नव्याने आलेल्याला मित्र कुठून असणार?

आता छळणाऱ्याकडे वळू. नॉर्वेत आठवी ते दहावीच्या सुमारे ३,००० मुलामुलींचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात तिथलीच मुलं होती, तशीच बाहेरच्या देशांतून आलेल्या कुटुंबांतलीही. दुसऱ्याला त्रास देण्यामागे दोन ओढी असू शकतात. एक, 'बघा, माझी कशी सत्ता चालते' ही. दुसरी, 'मला आपल्या कंपूत घ्या' ही. बाहेरून आलेल्या मुलग्यांमध्ये ही दुसरी ओढ फार महत्त्वाची ठरली. गंमत म्हणायची की दुःख? जो काल स्वतः परका होता, तोच आज 'आपल्यातला' ठरायला दुसऱ्याला टपली मारतो.

नॉर्वे लांब आहे, असं समजू नका हं. दिवाळीनंतर मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे जातात. त्यांच्यातली काही मुलं तिथल्या शाळेत चार-पाच महिने बसतात. एखादा 'पाणी'ला 'पानी' म्हणाला, की मागच्या बाकावरून खिक्! मुंबई-पुण्याकडे 'ए भैया' चालतं. अशा वेळी हाक मारणारा त्या मुलाकडे बघतच नाही, लक्ष देऊन पाहा. तो बघतो आपल्या दोस्तांकडे. हसले का? हसले, की त्याचं काम झालं.

म्हणूनच बघ्यांना फार भाव असतो. कॅनडात शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावून एक अभ्यास झाला, तो २००१ साली छापून आला. छळ चालू असताना एखाद्या मुलाने किंवा मुलीने मध्ये पडून "ए, सोड त्याला" म्हटलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा तो दहा सेकंदांच्या आत थांबला. शिक्षक नाहीत, मुख्याध्यापक नाहीत, कुणीतरी बरोबरीचंच! पण असं मध्ये पडणारे फार थोडे निघाले. बाकीचे कडेला उभे. तेही बहुतेक मनातून घाबरलेलेच असणार, आपला नंबर लागू नये म्हणून.

तुमच्या वर्गात पहिलं कोण हसतं? आणि कुणी न हसल्यामुळे चिडवणाऱ्याचा चेहरा पडला, असं कधी झालंय? कसं झालं ते आम्हाला कळवा. पत्रात नावं मात्र लिहू नका, ना त्याचं, ना चिडवणाऱ्यांची.