'चाल' कोणाची? नाट्यपदांच्या माथ्यावरून पुसलेली एक ओळ

१/ जुन्या संगीत नाटकाची छापील प्रत उघडली की पदाच्या माथ्यावर 'चाल' हा शब्द आणि त्यापुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे नाव आढळते. आज तेच पद मोबाइलवर ऐकताना गायकाचे नाव दिसते, क्वचित नाटककाराचेही; चालीचा उल्लेख मात्र गळालेला असतो. ही गळती क्षुल्लक नाही.

२/ रूढ चालीवर नवे शब्द बसवणे ही रंगभूमीची जुनी रीत. १७२८ साली लंडनमध्ये आलेल्या जॉन गे यांच्या 'बेगर्स ऑपेरा'तील गीते नवी होती, चाली लोकांच्या ओठी आधीच रुळलेल्या. छापील प्रतीत मूळ चालींची नावे दिलेली होती.

३/ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगमंचावर आले, तेही साकी, दिंडी, लावणी आणि कानडी पदांच्या चाली घेऊनच. १९११ च्या 'मानापमान'साठी गोविंदराव टेंबे यांनी पूरबी ठुमरी-कजरीचा ढंग आणला. खाडिलकरांनी त्यावर शब्द रचले.

४/ या चाली तमासगीर, कीर्तनकार आणि बैठकीत गाणाऱ्या कलावंतिणींनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या होत्या. 'चाल' या ओळीत त्यांची नावे नसत; तरी त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट तिथूनच सुरू होई.

५/ नागपूरने हा प्रश्न थेट रंगमंचावर मांडला. नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) हे नाटकच मुळी 'गाणे कोणाच्या मालकीचे?' या वादावर उभे आहे. खाँसाहेबांच्या भूमिकेत होते नागपुरातच शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले वसंतराव देशपांडे.

६/ जितेंद्र अभिषेकींचे संगीत लाभलेल्या या नाटकात 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन चालींत येते: पंडितजींची वेगळी, खाँसाहेबांची वेगळी. शब्द तेच असूनही चाल बदलताच घराणे बदलते, स्वभाव बदलतो. चाल म्हणजे शब्दांवर चढवलेला निव्वळ साज नव्हे, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

७/ चाल उसनी घेण्यात कमीपणा नाही. त्याच देवघेवीतून नाट्यसंगीत घडले. उसनवारीची नोंद पुसणे मात्र अन्यायाचे आहे. ध्वनिमुद्रणे नव्याने प्रसिद्ध करणाऱ्या कंपन्यांनी, नाटकांच्या पुनर्मुद्रकांनी आणि जाणत्या रसिकांनी ती एक ओळ परत छापावी, परत लिहावी. जागा फार लागत नाही. शतकापूर्वीच्या मुद्रकांनाही ती परवडत होती.