लाडका राक्षस आणि गाळलेली साक्ष

"राक्षस लाडका झाला, तर बिघडले कोठे?" असा सवाल येथे चिटगुप्प्यास आमच्या बैठकीत एका तरुण वकील स्नेह्यांनी केला. विषय होता जपानी बोलपटांतील गॉडझिला. त्यांचा मुलगा त्या राक्षसाचे खेळणे उशाशी घेऊन निजतो. आमचे उत्तर असे, की बिघडले आहे, आणि पुष्कळ बिघडले आहे.

या राक्षसाची जन्मकथा पाहावी. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची विषारी राख एका जपानी मासेमारी नौकेवरील २३ खलाशांवर पडली; त्यांतील एक सप्टेंबरात दगावला. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला इशिरो होंडा यांचा 'गोजिरा' पडद्यावर आला. त्यातील राक्षस अशाच चाचण्यांनी डिवचला जाऊन समुद्रातून उठतो. आगगाडीतील एक तरुणी नागासाकीतून आपण कशा वाचलो ते बोलून जाते. राक्षसाला मारणारा शास्त्रज्ञ सेरिझावा स्वतःही समुद्रतळीच प्राण देतो. आपले अस्त्र पुन्हा कोणाच्या हाती पडू नये म्हणून. ही निव्वळ करमणूक नव्हती, फिर्याद होती.

त्या फिर्यादीचे पुढे काय झाले? १९५६ च्या अमेरिकी आवृत्तीत त्या तरुणीचे उद्गार गाळण्यात आले. साक्षच पुसली, तर खटला उभा कशावर राहणार? १९६४ मध्ये तीन मुंडक्यांच्या गिदोराशी झुंजून हाच राक्षस पृथ्वीचा कैवारी ठरला. १९६७ मध्ये एका पिल्लाचा पालक झाला. ज्याने तोक्यो जाळले तोच रखवालदार बनला, आणि बॉम्ब निर्दोष सुटला! १९८४, २०१६ व २०२३ च्या चित्रांत तो पुन्हा भयंकर झाला, हे आम्ही मान्य करतो. परंतु त्यावरून एवढेच सिद्ध होते, की जखम भरली नव्हती, केवळ झाकली होती.

आमचे कोकणी बांधव म्हणतील, दशावतारातला संकासुरही हसवतोच की! हसवतो खराच. वेद चोरणारा हा असुर मालवणीत असे काही बोलतो, की प्रेक्षकांची मुरकुंडी वळते. पण अखेर तो विष्णूच्या हातून मरतोच. आरोपीच्या पिंजऱ्यात विनोद चालतो; त्याने निकाल बदलत नाही. आमचा आक्षेप हसण्यास नाही, चौकशीवाचून झालेल्या सुटकेस आहे.

आणि हा प्रश्न पडद्यापुरता नाही. १९४८ साली आमच्या बीदर-गुलबर्गा भागाने रझाकारांचा जुलूम सोसला. सप्टेंबरातील पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमानांवर उगवलेला सूडही याच भूमीने पाहिला. पहिल्या राक्षसाचे वर्णन आम्ही दर १७ सप्टेंबरला व्यासपीठावरून करतो. दुसऱ्याचा विषय निघाला, की आमचा आवाज खाली येतो. पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल सरकारने कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. साक्ष गाळणे याहून निराळे काय असते? राक्षस परका असला, की त्याची नखे मोजावयाची. आपला असला, की त्यास गोंजारावयाचे!

स्नेह्यांच्या मुलाने खेळणे खुशाल उशाशी घ्यावे. मात्र "हा आला कोठून?" असे तो विचारील, त्या दिवशी बापाने विषय बदलू नये.