महाराष्ट्राला स्वतःचा झेंडा का नाही?

१ मे रोजी मंत्रालयापासून म्हसावदसारख्या गावापर्यंत तिरंगाच फडकतो. महाराष्ट्राला अधिकृत राज्यध्वज नाही. घटनेत मात्र त्याला मनाई नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४च्या बोम्मई निकालात नमूद आहे. कर्नाटक सरकारने मार्च २०१८मध्ये पिवळा-पांढरा-लाल, मधोमध राजचिन्ह असलेला झेंडा जाहीरही केला.

आपल्याकडे अडचण आहे ती चिन्हाची. भगवा म्हटलं की शिवराय आणि वारी आठवते. पण २०११च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा समाजाला त्या झेंड्यात आपलं काय दिसेल? जम्मू-काश्मीरच्या २०१९पर्यंतच्या लाल झेंड्यावर नांगर होता, शिवाय जम्मू, काश्मीर आणि लडाखसाठी एकेक पट्टा. तसे पट्टे इथे आखले, तर सातपुड्याला वेगळा मिळेल, की तो खानदेशातच धरला जाईल?