गोळीची किंमत कोण ठरवतं, हे फार्मसीत शिकवा

जागतिक आरोग्य म्हटलं की आपल्या फार्मसी कॉलेजांना जिनिव्हा आठवतं, नाहीतर आफ्रिकेतली रोगराई. सोलापूरकरांना फार तर डॉ. कोटणीस. 1938 साली चीनला गेले, 1942 साली तिथेच वारले. पुतळ्याला हार घातला की आपण मोकळे.

बी.फार्म.च्या आठव्या सत्रात ‘सोशल अँड प्रिव्हेंटिव्ह फार्मसी’ हा 45 तासांचा विषय आहे. त्यात गरिबी आहे, शहरीकरण आहे, ‘सामाजिक-सांस्कृतिक घटक’ आहेत. जात नाही. गटारात कोणी उतरायचं हे जिथे जन्मावर ठरतं, तिथे हे कसलं सोशल?

माझी सूचना अशी : हा विषय बेडाक्विलिनपासून सुरू करा. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरची ही गोळी. त्याआधीच्या उपचारातल्या इंजेक्शनांनी कित्येकांची श्रवणशक्ती गेली. त्यातल्याच दोघी, मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. या औषधाच्या एका क्षारावर जॉन्सन अँड जॉन्सनला वेगळं पेटंट हवं होतं, म्हणजे मक्तेदारी 2027 पर्यंत. दोघींनी हरकत घेतली. मार्च 2023 मध्ये पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. क्षार म्हणजे काय, हे फार्मसीच्या पोरांना पाठ असतं. त्या क्षाराआड किती वर्षांचा नफा दडवता येतो, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

ही हरकत घेता आली ती पेटंट कायद्याच्या कलम 25(1) मुळे. पेटंट मिळण्याआधी कोणीही विरोध करू शकतो, पदवी लागत नाही. 2024 च्या नियमांनी त्यावर फी बसवली आणि हरकत दाखल करून घ्यायची की नाही, हे आधीच ठरवण्याचा अधिकार अधिकाऱ्याला दिला. दार बंद केलेलं नाही, उंबरा उंच केलाय. ही चाल आपल्या ओळखीची आहे.

प्राध्यापक म्हणतील, पोरांना नोकरी हवी, चळवळ नको. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या पोराला पगार हवाच, त्यात वाद नाही. पण काउंटरपलीकडून औषध मागणारी त्याचीच माणसं असतील. ‘इतकं महाग का?’ या प्रश्नाला त्याने फक्त एमआरपी दाखवायची?

इंडस्ट्रियल व्हिजिटची बस एकदा कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत न्या. तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करार भारताने 2004 साली मंजूर केला; त्याच्या कलम 17 मध्ये तंबाखूवर पोट असणाऱ्या कामगारांना पर्यायी रोजगार मिळावा असं लिहिलंय. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाईला पोरांनी विचारावं, वीस वर्षांत तिच्यापर्यंत काय पोचलं? आणि ती जे सांगेल ते प्रॅक्टिकलच्या वहीत लिहावं. त्याला मार्क ठेवा.