म्हाताऱ्या काउबॉयचा निरोप

मुलांनो, परवा वर्गात एका पठ्ठ्याने फूटपट्टीचं पिस्तूल केलं आणि मला ‘ढिश्यांव’ करून टाकलं! मला एकदम जॉन वेन आठवला. घोडा, रुंद टोपी, कमरेला पिस्तूल. आजोबांना विचारा, कदाचित ओळखत असतील.

त्याचं खरं नाव मॅरियन मॉरिसन. जन्म १९०७चा, अमेरिकेतला. लहानपणी त्याचा ड्यूक नावाचा कुत्रा सतत त्याच्याबरोबर असे. म्हणून अग्निशमन दलाचे जवान त्यालाच ‘छोटा ड्यूक’ म्हणू लागले. पुढे तो मोठा नट झाला, तरी लोक त्याला ड्यूकच म्हणत. कुत्र्याचं नाव माणसाला चिकटलं, आहे की नाही गंमत?

१९७६ साली त्याचा ‘द शूटिस्ट’ आला. हा त्याचा शेवटचा चित्रपट. गोष्ट आहे १९०१ची. राणी व्हिक्टोरिया वारल्याची बातमी वर्तमानपत्रात आहे. बुक्स नावाचा म्हातारा बंदूकबाज गावात येतो. डॉक्टर सांगतात, तुला कर्करोग आहे, थोडेच दिवस उरलेत. तो एका बाईंच्या घरी खोली घेऊन राहतो. त्यांचा मुलगा गिलम त्याच्या पिस्तुलांवर अगदी फिदा!

बुक्स अंथरुणात मरायला तयार नसतो. तीन शत्रूंना तो एका दारूच्या गुत्त्यात बोलावतो. तिघांनाही हरवतो, पण गुत्तेवाला पाठीमागून गोळी घालतो. तेवढ्यात गिलम धावत येतो, बुक्सचं पिस्तूल उचलून गुत्तेवाल्याला मारतो. मग हातातल्या पिस्तुलाकडे बघतो आणि ते दूर भिरकावून देतो. बुक्स ते बघतो, मान हलवतो आणि डोळे मिटतो.

मूळ कादंबरीत मुलगा पिस्तुलं घेऊन जातो. मला विचाराल तर चित्रपटाचाच शेवट खरा वाटतो.

चित्रीकरणाच्या वेळी वेन स्वतःच कर्करोगाने आजारी होता, असं पुष्कळजण सांगतात. ते बरोबर नाही. १९६४ साली या रोगामुळे त्याचं एक फुप्फुस काढलं होतं, पण त्यातून तो बरा झाला होता. पोटाचा कर्करोग कळला तो १९७९मध्ये. त्या एप्रिलमध्ये तो ऑस्करच्या समारंभाला आला, अगदी वाळलेला. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. ११ जूनला तो गेला.

गिलमचं काम केलेला रॉन हॉवर्ड पुढे मोठा दिग्दर्शक झाला. आणि हो, ती फूटपट्टी अजून माझ्याच कपाटात आहे. सोमवारी मागितली तर देईन.