मजूर माजलेत म्हणे!



सध्या कुठल्याही पारावर बसा, एकच रडगाणं. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मागतील तो रोज द्यावा लागतो, आणि हे सगळं फुकटच्या रेशनमुळं. रेशन बंद करा, बघा कसे सुतासारखे सरळ येतात!

हे रडगाणं पावणेसातशे वर्षं जुनं आहे. १३४८ मध्ये इंग्लंडात प्लेग शिरला. दीड-दोन वर्षांत तिसरा हिस्सा तरी माणसं गेली, काही जण निम्मी म्हणतात. पिकं उभी, कापायला हात नाहीत. जगलेल्यांनी मजुरी वाढवून मागितली. टंचाई झाली की भाव चढतो. कांद्याला हा नियम लागला पाहिजे म्हणून आपण रस्त्यावर उतरतो, आणि उतरायलाच हवं. मजुराला लागला की तो माज?

तिसऱ्या एडवर्ड राजानं १३४९ मध्ये फर्मान काढलं, १३५१ मध्ये पार्लमेंटनं कायदा केला. मजुरी प्लेगच्या आधीचीच. साठीच्या आतल्या धडधाकट माणसानं बोलावलं तिथं कामाला जायचं. मुदतीआधी काम सोडलं तर तुरुंग. आणि आता नीट वाचा: धडधाकट भिकाऱ्याला भीक घालणाऱ्यालाही तुरुंग. म्हणजे ‘रेशन बंद करा’च की! १३६३ मध्ये तर नांगऱ्यानं नि गाडीवानानं कुठलं कापड अंगावर घालावं याचाही कायदा झाला. आपल्याकडे मजुराच्या हातातला मोबाईल खुपतो, तसंच.

गंमत म्हणजे तेच जमीनदार ऐन सुगीत गुपचूप जास्त पैसे देऊन एकमेकांचे मजूर पळवत होते. ओळखीचं वाटतंय ना?

जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. मे २०२० मध्ये मजूर पायी गावाकडं निघाले होते, तेव्हा कर्नाटक सरकारनं बिल्डरांशी बैठक झाल्यावर त्यांच्या रेल्वेगाड्या रद्द केल्या. बोंबाबोंब झाली म्हणून पुन्हा सोडल्या. त्याच महिन्यात उत्तर प्रदेशच्या मंत्रिमंडळानं बहुतेक कामगार कायदे तीन वर्षं गुंडाळून ठेवायचा अध्यादेश मंजूर केला. आपल्याकडे ऊसतोड जोडप्याला मुकादमाची उचल फिटेपर्यंत फडातून हलता येत नाही. त्याला कायदाही लागला नाही, उचलीवरच भागलं.

लहान शेतकऱ्याची अडचण खोटी नाही. मालाला भाव नाही, मजुरी खिशातून जाते. पण त्याचा भाव पाडतंय कोण? खुरपणारी बाई? निर्यातबंदी दिल्लीतून होते, आणि राग निघतो बांधावर.

इंग्लंडात हे तीस वर्षं चाललं. वर फ्रान्सच्या युद्धासाठी डोईमागं एक शिलिंग पट्टी बसवली, तेव्हा १३८१ मध्ये केंट नि एसेक्सची माणसं लंडनमध्ये घुसली. त्यांचा म्होरक्या वॅट टायलर राजासमोर बोलणी करताना मारला गेला. मजुरी मात्र वाढतच राहिली, कायदा कागदावर.

असो. रेशन बंद करा म्हणणाऱ्यांनी कॉमेंटमध्ये एवढंच लिहावं: तुमच्या शेतात गड्याला रोज किती, बाईला किती, आणि तेवढ्यात तुमचं घर किती दिवस चालेल?